टायरच्या खाचेतलं लिंबू

“मेजर, ह्ये लिंबू कवाचं?” पुढच्या डाव्या चाकात हवा भरता भरता आकारामनं विचारलं, तेव्हा तो नेहमीसारखी चेष्टा करतोय असंच उदयसिंहला वाटलं. पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला आकारामचं पंक्चरचं दुकान, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं हा त्याचा जोडधंदा. उदयसिंह खरा हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पण साताऱ्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, आणि त्यावरून भांडायला त्याला कधी सवड झाली नव्हती. तो खाली उतरला, गाडीच्या नाकाला वळसा घालून आला आणि वाकला. नव्या जाड टायरची खाच चांगली बोटभर खोल. तिच्यात मुरूम घट्ट बसला होता, आणि मुरमात चेपलेली, वाळून तपकिरी पडलेली लिंबाची साल. दोन बिया अजून तिला धरून होत्या. कडेला कुंकवाचा डाग होता. आकारामनं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ते उकरलं आणि प्रसाद द्यावा तसं त्याच्या तळहातावर ठेवलं. “चांगलं केलंसा. एवढी नटवलीया, दिष्ट लागायची.” उदयसिंह नुसता “व्हय” म्हणाला. त्यानं ह्या गाडीखाली कधी लिंबू ठेवलंच नव्हतं.

नवं वाहन दारातून पहिल्यांदा बाहेर पडताना चाकांखाली लिंबं ठेवायची आणि ती चिरडून गाडी पुढं काढायची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. फौजेत असताना लेहच्या थंडीतही नव्या ट्रकखाली त्यानं लिंबं ठेवली होती. ती गोठून अशी टणक झाली की फुटेचनात, चाकाखालून टुणकन बाहेर उडत, आणि सगळी पोरं बर्फात उभी राहून हसत होती. पण ही पिकअप घरी आणली त्या दिवशी संयोगितानं लिंबं धुऊन ताटात मांडली, तर यानंच हात आडवा घातला होता. “आत्ता न्हाई. ही अजून अर्धीच गाडी हाय. सगळं काम हुंदे. ज्या दिवशी लडाखला निघायचं त्या दिवशी दारात ठिवू.” लिंबं परत गेली आणि लोणच्यात संपली. ‘निघायचं’ म्हणजे कुणी, हे त्यानं तेव्हा बोलून दाखवलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. आता मात्र कुणीतरी त्याच्या आधीच कुंकू लावून, लिंबू ठेवून गाडी बाहेर काढली होती. म्हणजे निघण्याचा मुहूर्तच कुणीतरी उरकून टाकला होता, आणि ज्याची गाडी त्याला पत्ता नाही. त्यानं साल रुमालात बांधली, खिशात घातली, आणि आकारामला पैसे द्यायचे विसरून तो स्टेअरिंगवर जाऊन बसला.

बसल्यावर त्याला दुसरी गोष्ट कळली. गुडघा स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला किंचित घासत होता. परवा सांगलीहून गाडी आणली तेव्हाही घासला होता, पण तेव्हा त्याला वाटलं होतं, स्प्रिंगच्या नव्या कमानी बसवल्यात, गाडी उंच झालीय, बसायची ढब बदलली असेल. माणूस स्वतःच्या गुडघ्याचं ऐकत नाही. आता त्यानं सीटखालचा दांडा ओढला आणि सीट एक खाच मागं गेली. एकच खाच. कुणीतरी त्याच्यापेक्षा आखूड पायांचं माणूस इथं बसलं होतं आणि उठताना सीट मागं सारायला विसरलं होतं. किंवा सारली होती आणि एका खाचेनं चुकलं होतं. हे दुसरं त्याला जास्त वाईट वाटलं. विसरणारा माणूस नुसता वेंधळा असतो. बेतानं मागं सारणारा काहीतरी झाकत असतो, आणि झाकण्यातलं उदयसिंहला आता बरंच कळू लागलं होतं.

धम्मपालवर संशय घेणं सगळ्यात सोपं होतं, म्हणून त्यानं तो आधी घेतला. सांगलीजवळ कुपवाडच्या रस्त्यावर धम्मपालचं गॅरेज. पोरगा शिकलेला, पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करून परत आलेला, आणि अशा डोंगरात-वाळवंटात न्यायच्या गाड्या सजवण्यात त्याचं नाव पार बेळगावपर्यंत झालेलं. उदयसिंहनं गाडी त्याच्याकडं पहिल्यांदा दिली तेव्हा सोबत नारळ नेला होता. धम्मपाल हसून म्हणाला होता, “काका, तुमी फोडा की, माजं काय म्हननं न्हाई. पन माज्या हातनं नको. आमच्या आज्ज्यानंच त्ये सोडलंय.” मग उदयसिंहनं फोडला, आणि खोबरं मात्र धम्मपालनं आवडीनं खाल्लं. म्हणजे लिंबू धम्मपालचं नव्हतं. पण गाडी त्याच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणी नेली असेल तर? भाड्यानं दिली असेल? ‘पार्ट आला न्हाई काका, अजून चार दिस लागतील’ असं त्याचं तीनदा झालं होतं. ‘शेवटी ह्या लोकांचं…’ असं एक वाक्य उदयसिंहच्या मनात सुरू झालं आणि अर्ध्यावर तो स्वतःच दचकला. वीस वर्षं एका ताटात जेवलेल्या फौजी माणसाच्या मनात हे वाक्य कुठं दडून बसलं होतं? ते त्याचं नव्हतं, वडिलांचं होतं, भावकीचं होतं. पण आवाज त्याचाच होता. त्याला लाज वाटली. लाज वाटली तरी संशय गेला नाही, हेही तितकंच खरं.

घरी आल्यावर त्यानं दारात गाडी लावली आणि फौजेत तपासणीच्या आदल्या दिवशी करतात तशी ती वरपासून खालपर्यंत पाहिली. काय काय केलं नव्हतं त्यानं ह्या गाडीला! कमानी बदलल्या, दणके झेलणारे जाड शॉक घातले, इंजिनाला लॅपटॉप जोडून त्याची ताकद वाढवून घेतली. पाटणच्या बाजूला पठारावर चढताना पूर्वी जिथं दुसरा गियर टाकावा लागे तिथं ती आता तिसऱ्यात हुंकार देत जायची, आणि त्या वेळी छातीत जे भरून यायचं ते त्याला निवृत्तीनंतर दुसऱ्या कशानंही आलं नव्हतं. पाण्यात उतरली तरी इंजिनाला श्वास मिळावा म्हणून टपापर्यंत नळकांडं नेलं. मागच्या हौद्यावर उघडमीट करता येणारा तंबू, निजायला एक फळी, एक शेगडी. दुसरी बॅटरी, आणि तिच्यावर चालणारा छोटा फ्रिज. शिवाय पुढं दिव्यांची रांग, बाजूला दिवे, मागं दिवे. भले रुंद आरसे. डाव्या आरशाखाली कॅमेरा, सिग्नल दिला की आत पडद्यावर डावी बाजू दिसणारा. बघायला येणारे विचारत, “मेजर, एवढं दिवं? लगीन हाय का गाडीचं?” तो सांगे, लडाखात रस्त्याला दिवे नसतात. ते खरं होतं. पण दिवे त्यासाठी नव्हते.

दिवे, आरसे आणि कॅमेरा यांचं कारण एका डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं आणि त्याला. काचबिंदू. डाव्या डोळ्याच्या कडेनं दिसणं कमी होत चाललं होतं. समोरचं सगळं ठणठणीत, वर्तमानपत्रातली बारीक जाहिरातसुद्धा वाचता यायची, पण बाजूनं येणारं माणूस आधी नसायचं आणि एकदम असायचं. गेल्या हंगामात उंब्रजजवळ संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीनं जुन्या आरशाचा चुरा केला, तेव्हा घरी येऊन त्यानं सांगितलं होतं की उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “आणि गाडी?” त्यानं विचारलं. त्या थोडा वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिल्या. “रात्री तर नकोच. आणि दिवसासुद्धा एकट्यानं लांब नको. घरी सांगितलंय ना?” तो “व्हय” म्हणाला होता. आज आकारामला म्हणाला तसाच. थेंबांच्या न उघडलेल्या बाटल्या थंड जागी ठेवायच्या असतात. घरातल्या फ्रिजमध्ये ठेवल्या असत्या तर चटणीच्या वाटीआधी संयोगिताला त्या दिसल्या असत्या. म्हणून गाडीत फ्रिज आला. लडाखच्या थंडीत जाणाऱ्या गाडीत फ्रिज कशाला, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि लोक मूर्ख आहेत असं मानून उदयसिंह निर्धास्त राहिला.

चालकाच्या पायाखालच्या जाळीत त्याला कुसळं सापडली. गवताची पिवळी, टोकदार कुसळं, माळावरनं चालून आलेल्या माणसाच्या कपड्यांना चिकटतात तशी. पुढच्या लोखंडी गार्डला खालच्या बाजूनं लोकरीचा एक पुंजका होता. आणि हवेच्या गाळणीत बसलेली धूळ पाटणच्या तांबड्या मातीची नव्हती. पांढरट होती, कोरडी, बोटांवर पिठासारखी. मेंढरं, कुसळं आणि पांढरा मुरूम. ही तिन्ही एका ठिकाणी कुठं मिळतात हे सांगायला पोलीस लागत नाही. तो पंचवीस वर्षांहून जास्त काळ जतचा जावई होता. गाळणी हातात धरून तो तसाच उभा राहिला. आतून कुकरची शिट्टी झाली आणि संयोगिताचा आवाज आला, फोनवर, दबका: “त्यास्नी काय बोलू नका. बेस्तरवारी मी तिकडंच हाय… व्हय, व्हय, सांगते मी.” मग तिनं आवाज चढवून जेवायला हाक मारली. ती हाक नेहमीचीच होती, आणि नेहमीची होती म्हणूनच त्याला खोटी वाटली.

“बेस्तरवारी माहेरी जाऊन येते म्हनते,” जेवताना ती म्हणाली. “आईचं गुडघं लय दुखाय लागल्यात.”

“मागल्या महिन्यातबी गुडघंच हुतं.”

“मग काय महिन्याला येगळं दुखणं काढू व्हय तिचं?” ती हसली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली. वाढताना ताट थोडं उजवीकडं सरकवलं. हे ती कधीपासून करत होती? त्याला आठवेना. “आनि तुमची गाडी? संपलं का न्हाई काम?”

“एकदा बोलावलंय धम्मपालनं. ब्रेक बघायचं. बुधवारी सोडतो, शनवारी आनतो.”

“ब्येस,” ती म्हणाली. फार चटकन म्हणाली.

रात्रभर तो ह्या ‘ब्येस’पाशी घुटमळत राहिला. तिन्ही वेळा गाडी कुपवाडला होती तेव्हा ती जतला होती. शिवतेजनं पुण्याहून मागच्या रविवारी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “पप्पा, एकटेच जाणार का हो?” सहज विचारणाऱ्याच्या आवाजात असा श्वास अडकत नाही. सगळे मिळून गाडी विकायला निघाले असतील. जतचा मेहुणा भाऊसो गिऱ्हाईक घेऊन येत असेल. माळावर चालवून दाखवत असेल. सौदा ठरला म्हणून लिंबू. हे सगळं इतकं चपखल जुळलं की त्याला अंधारात समाधान वाटलं. मग त्याहून वाईट विचार आला, धम्मपाल आणि संयोगिता, दबका आवाज, बेस्तरवार, आणि तो उठून पाणी प्यायला गेला. पन्नाशी ओलांडलेली बायको, तिच्या पोराच्या वयाचा धम्मपाल. स्वतःच्याच डोक्याची त्याला किळस आली. येताना दाराच्या चौकटीला डावा खांदा लागला. खांद्यावर तिथंच आधीचा एक हिरवा डाग होता. अंथरुणात संयोगिता जागी होती की झोपेत, कळलं नाही. तिचा श्वास तेवढा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

एके काळी तीही गाडी चालवायची, हे त्याला त्या वेळी आठवलं. शिवतेज लहान असताना त्यांच्याकडं जुनी छोटी मोटार होती, आणि तो सुट्टीवर आला की तिला यवतेश्वरच्या घाटात शिकवायला न्यायचा. ती चालवणार, हा डाव्या बाजूला. चालवायची बरी, लायसन्ससुद्धा निघालं. पण हा शेजारी बसून एवढा ओरडायचा, क्लच, क्लच, आगं क्लच, दरी दिसत न्हाई का तुला, की एके दिवशी वळणावर तिनं गाडी बाजूला घेतली, चावी काढून त्याच्या मांडीवर ठेवली, आणि उतरून घरापर्यंत चालत गेली. हा मागून पहिल्या गियरमध्ये गाडी नेत खिडकीतून विनवण्या करत होता. नंतर कित्येक वर्षं तो ही गोष्ट पाहुण्यांत रंगवून सांगायचा आणि सगळे हसायचे. ती पण हसायची. पण स्टेअरिंगला तिनं पुन्हा हात लावला नाही, आणि त्यात काही गमतीचं नसावं, हे आज का कोण जाणे पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात आलं.

बुधवारी गाडी सोडण्याआधी त्यानं सीटखालच्या पट्टीवर खडूनं बारीक रेघ मारली. धम्मपालला चावी देताना त्याच्या डोळ्यांत बघितलं, धम्मपालनं नजर चुकवली नाही, उलट विचारलं, “काका, येताना तरास न्हाई न्हवं झाला?” गाडी चालवून आलेल्या माणसाला त्रास कसला? हाही प्रश्न उदयसिंहनं रुमालातल्या सालीशेजारी नीट बांधून ठेवला. त्या रात्री तो घरी परतला, सकाळी संयोगिताला जतच्या गाडीत बसवून दिलं, हात केला, आणि तिची एसटी वळणाआड जाताच पुढच्या सांगली गाडीत तोही चढला.

एसटीत खिडकीची जागा मिळाली, डावीकडची. काचेला डोकं टेकलं तरी बाहेरचा ऊस त्याला मान पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नव्हता. कराड गेलं, पेठनाका गेला. रस्त्यानं ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं चालले होते आणि एसटीचा चालक एका हातानं त्यांना ओलांडत होता. ह्या चालकाचे डोळे कुणी तपासले असतील का? उदयसिंहला सगळ्या जगाचाच संशय येत होता, आणि त्या सगळ्या संशयाखाली एकच गोष्ट होती, जी त्याला सरळ बघवत नव्हती. एकदा. फक्त एकदा त्याला ती गाडी लडाखातल्या खारदुंगच्या चढावर स्वतः घालायची होती. ऐन उमेदीत जिथून त्यानं सरकारी ट्रक वर नेले, तिथं स्वतःच्या पैशाची, स्वतःच्या पसंतीची गाडी न्यायची, वर पोचून इंजिन बंद करायचं, आणि त्या शांततेत बसायचं. मग डोळे गेले तरी चालतील असं त्यानं देवाशी ठरवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नजर टिकली पाहिजे, आणि तोवर कुणाला कळता कामा नये. कळलं की चावी जाणार. माणसं प्रेमानं चावी काढून घेतात, आणि मग परत देत नाहीत.

गॅरेजच्या फाटकात तो दुपारी पोचला. गाडी नव्हती. त्याला आनंद झाला, हे खरं. संशय खरा ठरल्याचा तो कडवट आनंद. धम्मपाल एका जीपच्या खालून बाहेर आला आणि त्याला बघून तसाच बसून राहिला.

“काका… तुमी शनवारी येनार हुता.”

“गाडी कुटं हाय?”

“टेस्टला गेलीया.”

“कोन घिऊन गेलंय?”

धम्मपालनं हात पुसले. बराच वेळ पुसले. “काका, बसा जरा. च्या घेऊ. मला शपथ घातलीया, म्या न्हाई सांगू शकत. पन तुमचं वाईट कुनी करत न्हाई, एवढं माजं ऐका.”

“माजी गाडी माज्या माघारी जतला जाती, तितं तिच्याखाली लिंबू ठेवत्यात, आनि वाईट न्हाई?” उदयसिंहनं रुमाल काढून त्याच्यासमोर उलगडला. धम्मपालनं सालीकडं पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. त्यानं तोंड फिरवलं. त्या हसण्यानं उदयसिंहचं डोकं सणकलं. त्यानं रुमाल खिशात कोंबला आणि तो ताडताड फाटकाबाहेर पडला. रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती, तिच्याजवळ केळीचा गाडा. तिथं बसून वाट बघायची, आणि गाडी घेऊन येईल त्याची कॉलर धरायची, एवढंच त्याच्या मनात होतं. रस्त्याच्या मध्यावर आल्यावर त्याला आवाज आला. तो आवाज त्यानं हजारात ओळखला असता. त्याच्याच इंजिनाचा, लॅपटॉप जोडून वाढवलेला, तिसऱ्या गियरमधला हुंकार. तो उजवीकडून येतोय असं वाटून त्यानं उजवीकडं मान वळवली. उजवीकडं रस्ता रिकामा होता. तो पुढं चालला. मग कर्णा वाजला, टायर किंचाळले, आणि त्याच्या डाव्या हाताशी, जिथं क्षणापूर्वी काहीच नव्हतं, तिथं दिव्यांची सगळी रांग उभी होती. लोखंडी गार्डची ऊब त्याच्या दंडाला लागली.

“अय्यो!” वरून आवाज आला.

स्टेअरिंगमागं संयोगिता होती. सीट पुढं ओढलेली, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एसटीनं सकाळी ती जतला गेलीच नव्हती. वाटेत इथंच उतरली होती. ती दार उघडून खाली उडी मारून आली आणि त्याचे दोन्ही दंड धरून त्याला हलवायला लागली. “मी एवढं लांबनं दिवं मारतीया. कर्णा वाजवतीया. एवढं धूड दिसलं न्हाई तुमास्नी?” टपरीवरचे लोक उठून उभे राहिले होते. धम्मपाल फाटकापर्यंत पळत आला आणि तिथंच थांबला. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि उदयसिंहला जे सुचलं ते त्यानं विचारलं.

“लिंबू कुनी ठेवलं?”

“भाऊसोनं. म्या ठेवाय लावलं. पयल्यांदा माळावर काडली तवा लय भ्या वाटत हुतं मला. एवढं उच्चाट धूड. तुमी नाय म्हनला हुता, पन म्या ठेवलं.”

“मला न सांगता.”

“आनि तुमी?” तिचा आवाज एकदम खाली आला, त्याच्यापुरता. “तुमी काय सांगितलं मला? आरसं बदललं. डावीकडं क्यामेरा लावला. कारखान्याच्या चिमणीवर नसतील एवढं दिवं लावलं. कपाच्या भायेर च्या वततासा. त्या चौकटीनं खांदा हिरवा झालाय. धम्मपालला म्या इचारलं, तर त्यो म्हनला, काकू, मलाबी तसंच वाटतंय. आनि फ्रिज. त्या फ्रिजात बाटल्या बघितल्या म्या. नाव वाचून शिवतेजला इचारलं.” तिनं मागच्या हौद्याकडं बोट केलं. “एक फळी, एक ताट, एक पेला. एकटं जानार हुता न्हवं? मला वाटलं, आता ह्यो मानूस परत येत न्हाई. रोज रातीला वाटायचं. तुमी पान्याला उटला की मी श्वास धरून पडायची.”

“मला अडवायचं ठरवलंय तुमी सगळ्यांनी,” तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

“अडवायचं आस्तं तर चावी हिरीत टाकली आस्ती. मला कशाला कमरंचं तुकडं करून घ्यायला लागलं आस्तं त्या माळावर?” आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि राग आला म्हणून ते तिनं जोरात पुसलं. “जायाचं हाय तर जाऊ. पन मी चालीवनार. घाटात तुमी वरडला तर हितनंच सांगते, ह्या खेपंला उतरून मी जानार न्हाई. तुमी उतरायचं.”

मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता आणि त्याचा चालक कर्णा वाजवत सुटला होता. “काकी, रस्ता सोडा की!” ती वळली, चढली, गाडी सुरू केली आणि टपरीच्या बाजूला डावीकडं घेतली. ट्रॅक्टर धडधडत निघून गेला. उदयसिंह एकटाच मध्ये उभा राहिला. पाय सवयीनं उजव्या दाराकडं निघाले. तिथं ती बसलेली होती, काच खाली, समोर बघत. तो दारापाशी थबकला. मग बॉनेटच्या कडेनं हात फिरवत, तापलेल्या पत्र्याला चाचपत, तो पुढून वळसा घालून डाव्या दाराशी गेला आणि चढून बसला. ह्या जागेवरून त्यानं आपली गाडी कधी पाहिलीच नव्हती. खिशातला रुमाल मांडीला टोचत होता.

आता पुढं निघायचं तर केळीचा गाडा डाव्या चाकाजवळ आलेला. ती मान उंच करून बघत होती, तिला अंदाज येत नव्हता. “डावीकडं बगा हो. गाडा लागतोय का?”

पडदा समोर होता. सिग्नल दिला असता तर सगळं दिसलं असतं. “त्यात बग की,” तो म्हणाला.

“त्या टीव्हीवर माजा भरोसा न्हाई.”

ती खरंच विचारत होती की बघत होती, हा आता काय सांगतो ते? त्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं, गेले कित्येक दिवस सगळ्यांकडं पाहत होता तसं. तिच्या चेहऱ्यावर काही झाकलेलं नव्हतं. नुसता घाम होता. ‘न्हाई लागत, घे पुढं,’ हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर तो असाच बोलत आला होता. त्यानं मान वळवली, शक्य तेवढी वळवली. केळी दिसली, गाड्याचं चाक दिसलं, आणि त्या दोहोंच्या खाली जिथं अंतर दिसायला हवं होतं तिथं त्याला काहीच दिसत नव्हतं.

“थांब,” तो म्हणाला. “मला दिसत न्हाई नीट. उतरून बगतो.”

तिनं फक्त हँडब्रेक ओढला. तो खाली उतरला, गाड्याजवळ गेला, वाकून चाकाच्या आणि गाड्याच्या मधलं अंतर हातानं मोजलं. वीतभर होतं. मग फौजेत घाटावर ट्रक काढताना करायचा तसा तो गाडीपुढं चार पावलं जाऊन उभा राहिला, तिला दिसेल असा हात वर केला, आणि तिचे डोळे त्याच्या हातावर आले तेव्हा बोटं हलवून म्हणाला, “येऊ दे.”